टाक्याचं की दुर्बिणीचं

“खोका.”

“आं?”

“खोका, बाई. जरा जोर लावून.”

सरजाबाई खोकली. पण ते खोकणं कसलं! नव्या नवरीनं चारचौघांत उखाणा घ्यावा तसं लाजत, पदराआडून. डॉक्टरांनी मान हलवली आणि तिच्या बेंबीखाली, जुन्या सिझरच्या रेघेवर तीन बोटं टेकवून ते पुन्हा म्हणाले, “अजून जोरात.” मग तिनं मन घट्ट करून असा खोकला काढला की रेघेच्या बाजूनं कवठाएवढा गोळा टुणकन वर आला. जणू आत बसून कुणी दार उघडायची वाटच बघत होतं!

“हां. हर्निया आहे. किती वर्षं झाली?”

“लई झाली सायेब. पोरगी बारावीला हाय.”

“म्हणजे मुलगी झाली तेव्हापासून?”

“न्हाई, ती चालाय-बोलाय लागली तवापासून. आधी सुपारीएवढा व्हता. म्या म्हणलं राहील बिचारा, काय मागून राहिला का आपल्याला.”

डॉक्टर हसले. हात धुता धुता त्यांनी सहज विचारलं, “काम काय करता?”

हा प्रश्न येणार हे सरजाबाईला माहीत होतं. भोकरहून नांदेडला येताना बसमध्ये तिनं त्याचं उत्तर पाढ्यासारखं घोकून ठेवलं होतं. “अंगणवाडीत मदतनीस हाय.”

खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं, आणि त्यातलंही लहान अर्धं. मोठं अर्धं भोकर तालुक्यात कुणालाही विचारावं. सरजाबाई गायची! आनंदराज मास्तरांच्या गायन पार्टीत माईकपुढं उभी राहून, छातीचा भाता करून गायची. एप्रिल लागला की जयंतीच्या कार्यक्रमांना ही पार्टी जी घराबाहेर पडायची, ती बुद्धपौर्णिमा होईपर्यंत परत टेकायची नाही. आज कंधारकडचं एखादं गाव, उद्या माहूरच्या वाटेवरचं, कधी पार लातूरपर्यंत. मास्तरांनीच बांधलेलं एक गाणं होतं, ते झाल्याशिवाय लोक मांडवातून उठायचे नाहीत:

कोऱ्या पाटीवर उमटलं माय, पयलं अक्षर माझं,
उतरून गेलं एका दमात सात पिढ्यांचं ओझं.

यातला ‘एका दमात’ सरजाबाई खरोखर एका दमात घ्यायची. सूर चढत चढत असा जायचा की मागं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातली विडी विझायची. आणि नेमक्या त्या जागी तिचा उजवा हात वर जायचा आणि डावा पोटावर घट्ट दाबून बसायचा. लोकांना वाटायचं, वा, काय अदा आहे! शाळेच्या गॅदरिंगला पोरी हे गाणं म्हणायच्या तेव्हा त्याही न चुकता डावा हात पोटावर ठेवायच्या. आता त्या पोरींना कोण सांगणार, की बाई अदा करत नाही, आतडं आत ढकलून धरते!

डॉक्टरांनी एक कोरा कागद ओढून त्यावर गोल काढला. “ही तुमच्या पोटाची भिंत. सिझरच्या वेळी शिवलेली जागा उसवली, तिथं भगदाड पडलं. त्यातून आतडं बाहेर डोकावतंय. ते आत घालायचं, भगदाड बुजवायचं आणि त्यावर जाळी बसवायची. मच्छरदाणीची असते ना, साधारण तशी. पण ही शरीरात कायमची राहते. करायचे दोन रस्ते आहेत.”

“टाक्याचं अन् दुर्बिणीचं,” सरजाबाई म्हणाली.

“अरे वा, माहीत आहे तुम्हाला. टाक्याचं म्हणजे इथं सरळ कापून, उघड्यावर जाळी बसवायची. दुर्बिणीचं म्हणजे बाजूला दोन-तीन बारीक भोकं, त्यातून कॅमेरा, आणि जाळी आतल्या अंगानं.”

“परत येतो का गोळा?”

“त्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखीच. जाळी नीट बसली तर सहसा येत नाही. ज्याचं भगदाड फार मोठं, आतडी चिकटलेली, त्याला मी स्वतःच टाक्याचं सांगतो. तुमचं तीन बोटांचं आहे, तुम्हाला दोन्ही चालेल. पण मला विचाराल तर दुर्बिणीचं करा. जखम लहान, पिकायची भीती कमी, दुखणंही कमी. लवकर आपल्या कामाला लागाल.”

सरजाबाईनं ओठांवरून जीभ फिरवली. तिला एवढा एकच प्रश्न विचारायचा होता, बाकी सगळं तिच्या लेखी पाल्हाळ. “दुर्बिणीच्याला भूल कशी देता?”

“पूर्ण झोपवतो. पोटात हवा भरावी लागते, म्हणून श्वासासाठी घशातून नळी घालतो.”

“घशातून.”

“हो. झालं की काढून टाकतो.”

“अन् टाक्याच्याला?”

“तुमच्या जागेला कमरेत सुई दिली की भागतं. खालचं अंग बधिर होतं. तुम्ही जाग्याच असता.”

“मंग टाक्याचंच करा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, लोक माझ्याशी भांडतात दुर्बिणीचं करा म्हणून. कारण काय?”

सरजाबाईनं बंद दाराकडं पाहिलं. दारापलीकडं बाकड्यावर नागुबाई बसली होती. “न्हाई, असंच. जाग्यापणीच बरं.”

‘सायेब, मी गाते.’ एवढंच बोलली असती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण ते बोलायचं नाही, असं नागुबाईनंच तिला बजावून ठेवलं होतं. आणि नागुबाईचा शब्द म्हणजे सरजाबाईसाठी दगडावरची रेघ.

त्या दोघी एकाच साली भोकरच्या वस्तीत नांदायला आल्या. एकीची चूल पेटली नाही तर दुसरीच्या चुलीवर दोन भाकरी जास्त पडायच्या. पार्टीतही दोघी जोडीनं शिरल्या. एक ओळ सरजानं घ्यायची, पुढची नागूनं. मग चार वर्षांपूर्वी नागुबाईच्या पोटातही असाच गोळा निघाला. ती लातूरला बहिणीकडं जाऊन दुर्बिणीचं ऑपरेशन करून आली. आली ती गळ्याला मफलर गुंडाळूनच. “नळीनं गळा सोलून काढला गं सरजे,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली होती. “बोलणं तेवढं राहिलं. वरचा सूर संपला. अन् डॉक्टरला म्हणलं मी गाते, तर म्हणतो कसा, गाणं सोडा.”

सरजाबाई तेव्हा नागूच्या नवऱ्यापेक्षा जास्त रडली. ज्येष्ठमध आणला, मध आणला, तुळशीचा काढा उकळून रोज तांब्यातून पोचवला. काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून नागुबाई मागं उभी राहून झील धरायला लागली. झील म्हणजे पुढच्या बाईनं ओळ संपवली की मागच्यांनी तीच उचलून धरायची. त्यात वरचा सूर लागत नाही आणि कुणी नावही विचारत नाही.

सरजाबाई दार लोटून बाहेर आली. नागुबाई बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्याचा वास सहन होत नाही म्हणून ती आत आलीच नव्हती.

“काय म्हणला?”

“दोन्ही चालतं म्हणला. दुर्बिणीचं करा म्हणला.”

“अन् तू?”

“नळी घशातूनच घालतेत की गं! तू म्हणलीस तस्संच.”

नागुबाई डब्याच्या फडक्याची गाठ सोडत होती. तिची बोटं तिथंच थांबली. “मंग?”

“मंग काय मंग! टाक्याचं म्हणून आले. उद्या माझा बी गळा गेला तर मास्तर काय तुझ्या नावानं कार्यक्रमाची सुपारी घेतील व्हय?” सरजाबाई खो खो हसली. तिला हलकं हलकं वाटत होतं. संकट ओळखून आधीच बाजूला झालेल्या माणसाला वाटतं तसं.

नागुबाई हसली नाही. तिनं गाठ सोडली, डबा उघडला. “गातीस म्हणून सांगितलं न्हाईस ना?”

“न्हाई बाई. अंगणवाडी म्हणलं.”

“बरं केलंस. खा.” आणि तिनं भाकरीचा मोठा तुकडा सरजाबाईच्या हातावर ठेवला.

घरी केरबानं, तिच्या नवऱ्यानं, एकदाच विचारलं. तो बोलायचा कमी. ऑटो चालवून चालवून त्याचं सगळं बोलणं हॉर्नमध्येच संपून गेलं होतं. “डॉक्टर दुर्बिणीचं म्हणतो, तर तू टाक्याचं काहून धरून बसलीस?”

“तुमाला गळ्यातलं काय कळतं?”

“मला न्हाई कळत. डॉक्टरला कळत असंल की.”

“नागूपेक्षा जास्त? तिनं भोगलंय.”

केरबानं ऑटोची किल्ली उचलली. भोगलेल्या माणसापुढं शिकलेल्या माणसाचं काय चालतं?

जानेवारीत ऑपरेशन झालं. कमरेत सुई बसली, पाय लाकडासारखे झाले आणि पोटाच्या आडवा हिरवा पडदा आला. पडद्यापलीकडं तिच्याच पोटात माणसं काम करत होती आणि अलीकडं ती छताकडं बघत होती. तोंड गप्प ठेवायचं असं तिनं ठरवलं होतं, पण गळ्याला कुठं ठरवता येतं? भीतीनं आपसूक त्रिशरण निघालं, हळू, सुरात.

“आवाज छान आहे हो तुमचा,” भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या. “गाता का?”

“न्हाई न्हाई! कुठलं गाणं न् काय!” सरजाबाई इतक्या घाईनं म्हणाली की पडद्यापलीकडून डॉक्टर ओरडले, “हलू नका.”

गळा शाबूत राहिला. बाहेर आल्या आल्या तिनं आधी सा लावून बघितला, मग पाणी मागितलं.

पोट मात्र रुसलं. आठवडाभरात टाके लाल झाले, मग गरम झाले, मग पिकले. डॉक्टरांनी दोन टाके उसवून घाण काढली. “मोठ्या चिरेत हे होतं कधी कधी. कुणाचा दोष नाही,” ते म्हणाले. घरी आणावं, दोन दिवस बरं वाटावं आणि परत तिथून पाणी झिरपावं. उठताना चटका, बसताना चटका, शिंक आली तर देव आठवावेत! बादली उचलायची नाही, खाली वाकायचं नाही. नागुबाई यायची, धुणं घेऊन जायची, वाळवून घडी घालून आणून द्यायची. सरजाबाईचे डोळे भरून यायचे. “मागल्या जन्मी कोण व्हतीस गं तू माझी?”

“आपल्यात मागला जन्म नसतोय,” नागुबाई म्हणायची आणि घाईनं उठायची.

मार्च संपता संपता ताप भरला. परत नांदेड, परत तोच वॉर्ड, परत तीच खाट. आनंदराज मास्तर भेटायला आले ते टोपी हातात घेऊन. कार्यक्रम ठरलेले होते. लोकांना शब्द दिलेला होता.

“नागुबाई म्हणती, मी धकवते तात्पुरतं,” मास्तर चाचरत म्हणाले. “गळा कितपत साथ देतो बघू. खालच्या पट्टीत घेऊ.”

“द्या की, तिला द्या! मास्तर, तिला वरच्या जागेला ओढू नका बरं का. बिचारीचा सोललेला गळा हाय.”

जयंतीच्या दिवशी सकाळपासून रस्त्यावरून घोषणा ऐकू येत होत्या. “जय भीम” म्हणत दवाखान्यातल्या मावशी पेढे वाटून गेल्या. सरजाबाई खिडकीकडं तोंड करून पडून होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगावर त्या दिवशी पांढरी साडी नव्हती.

दुपारी लेक आली. धम्मप्रिया. ही पोरगी चालत येत नसे, वाऱ्यासारखी घुसत असे. “आई! कार्यक्रमाची क्लिप आली! ग्रुपवर टाकली कुणीतरी. ऐक ऐक!” आणि तिनं फोन आईच्या उशाशी धरला.

ढोलकी. मास्तरांची पेटी. लोकांचा गलका. मग ते गाणं. कोऱ्या पाटीवर उमटलं माय... सरजाबाई आवाज ऐकून हसली. “बरी गायली की गं नागी. खालच्या पट्टीत घेतलं—”

आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

मास्तरांनी खालच्या पट्टीत घेतलं नव्हतं. पट्टी तिची, सरजाबाईचीच होती. सूर चढत होता. ‘एका दमात’ आलं आणि नागुबाईनं ते घेतलं. घोगरेपणा नाही, खरखर नाही, फाटलेलं काही नाही. स्वच्छ! विहिरीच्या तळातलं पाणी दिसावं तसा आरपार आवाज वर गेला, वर थांबला, तिथं मजेत एक गिरकी घेऊन खाली उतरला. मांडवात शिट्ट्या पडल्या.

“परत लाव,” सरजाबाई म्हणाली.

धम्मप्रियानं परत लावलं.

“परत.”

तिसऱ्या वेळी धम्मप्रियाचा चेहरा बदलला. पोरीला गाण्यातलं फार कळत नव्हतं, पण आईचा चेहरा कळत होता. शेजारच्या खाटेची सलाइन बदलणाऱ्या उमादेवी सिस्टर थांबून ऐकत होत्या. उदगीरकडच्या होत्या, प्रत्येक बाईला अक्का म्हणायच्या. “कोण गाते अक्का ही? काय गळा आहे! रोज रियाज करत असणार.”

“हाव,” सरजाबाई म्हणाली. “कधी करत व्हती, कुणास ठाऊक.”

कारण गाणाऱ्याचं एक असतं. पोट खोटं बोलेल, तोंड तर बोलेलच बोलेल, पण चार वर्षं बंद ठेवलेला गळा एका सकाळी असा उघडत नाही. हा आवाज गेलाच नव्हता. तो लपवलेला होता, जपलेला होता, कुठंतरी एकटीनं घासलेला होता.

संध्याकाळी डॉक्टर फेरीवर आले. पट्टी उघडून बघितली, समाधानानं मान हलवली. “आता सुकतंय. सुटलात.”

“सायेब, येक विचारू? ती नळी... घशातली. तिनं गळा जातो का वो?”

“आवाज? छे. दोन-चार दिवस घसा खवखवतो, बोलणं घोगरं येतं. मग होतं पूर्ववत. क्वचित कुणाला जास्त त्रास होतो, ते हजारात एखाद्याला. का?”

“मी गाते, सायेब.”

डॉक्टर स्टूल ओढून बसले. फेरीवर असताना ते कधी बसत नसत. “बाई, हे मला तेव्हा सांगायचं ना! मी भूल देणाऱ्या मॅडमशी बोलणं करून दिलं असतं तुमचं. त्यांनी बारीक नळी वापरली असती, जपून घातली असती. दुर्बिणीनं झालं असतं तर आज तुम्ही...” त्यांनी खिडकीबाहेरच्या घोषणा ऐकल्या आणि वाक्य सोडून दिलं.

घरी सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी नागुबाई आली. हातात वाटीभर साजूक तूप, पायलीभर हसू. “आली बाई माझी सरजी! कशी सुकली बघा. आता तुला असं खाऊ घालते—”

“गा,” सरजाबाई म्हणाली.

“आं?”

“एका दमात. गा हितं. फोनमधी ऐकलं, आता समोर ऐकू दे.”

नागुबाईनं वाटी खाली ठेवली. बराच वेळ तिनं वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेर केरबा ऑटो पुसत होता, त्याच्या फडक्याचा फटफट आवाज तेवढा येत होता.

“कंधारचा कार्यक्रम आठवतो तुला?” शेवटी ती म्हणाली. “माझ्या ऑपरेशनच्या आधीचा. मांडवातून लोक ओरडले, दुसरीला बसवा खाली, येकटी सरजा गाऊ द्या.”

“लोकांच्या तोंडाला मी हात लावू का?”

“न्हाई. पर तू काय केलंस?”

“मी काय केलं?”

“तू गायलीस.”

सरजाबाईला तो मांडव आठवला. लोक ओरडले होते, हे आठवलं. आपल्याला किती आनंद झाला होता तेही आठवलं. नागू कुठं बसली होती, ते मात्र काही केल्या आठवेना.

“मंग लातूरला गेले,” नागुबाई बोलत होती. “दुर्बिणीनं केलं. आठ दिवसांत घसा खडखडीत बरा झाला. तिथंच मनात आलं, आता घरी जाऊन लोकांस्नी काय सांगू? पार्टीत मागं काहून उभी ऱ्हायली म्हणतेल. खाली बसवली म्हणण्यापरीस गळा गेला म्हणलेलं बरं. येकदा बोलले अन् मंग त्याला पोसतच बसले. तू जेष्ठमध आणून दिलास—”

“फेकलास का चघळलास?”

“चघळला. समदा.”

अशा वेळीही सरजाबाईला हसू फुटणार होतं. ते तिनं दाबलं, कारण हसलं की टाके ओढले जात.

“ते जाऊ दे,” ती म्हणाली. “ते खोटं तुझ्यापुरतं व्हतं, मी गिळलं असतं. पर डॉक्टरच्या दारात बसून व्हतीस ना तू? तिथं येक शब्द, नागे. ‘सरजे, मी लबाड बोलले, नळीनं काय व्हत न्हाई.’ मी काय दवंडी पिटली असती व्हय?”

“तोंडाशी आलतं. आईशप्पथ आलतं. फडक्याची गाठ सोडता सोडता बोलणारच व्हते.” नागुबाईनं पहिल्यांदा वर बघितलं. “अन् तू म्हणलीस, मास्तर काय तुझ्या नावानं सुपारी घेतील व्हय. अन् हसलीस.”

“म्हणून माझं पोट फाडू दिलंस.”

नागुबाई रडली असती, पाया पडली असती, कानावर हात ठेवले असते, तर सोपं गेलं असतं. तिनं तसं काहीच केलं नाही. “हाव,” ती म्हणाली.

मग ती उठली. तुपाची वाटी तिथंच राहिली. केरबा आत आला, वाटी बघून म्हणाला, “नागुबाईनं दिलं? खा की, अंगाला लागंल.” सरजाबाईनं ती शेजारच्या म्हातारीच्या घरी पाठवून दिली. चांगलं तूप होतं, त्याचा काय दोष.

कुणाला ती काही बोलली नाही. मास्तरांना नाही, केरबाला नाही. धम्मप्रियाच तेवढी धुमसत राहिली. “आई, मी सांगते सगळ्यांना! ग्रुपवर टाकते!”

“टाक अन् काय लिहिशील? माझी आई आडाणी हाय, डॉक्टरला सोडून मैत्रिणीचं ऐकलं, असं?”

पोरीनं फोन खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं, आणि ते बघून सरजाबाईला प्रथमच आपल्यासाठी रडावंसं वाटलं.

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम वस्तीतल्या विहारापुढंच होता, सकाळी, वंदना झाल्यावर. खिरीची पातेली झाकून ठेवली होती, आधी गाणी मग खीर. डॉक्टरांनी हळू आवाजात गायला परवानगी दिली होती. जोर लावायचा की नाही हे त्यांनी तिच्यावर सोडलं होतं. “तुमचं पोट तुम्हाला सांगेल,” ते म्हणाले होते. मास्तर स्वतः बोलवायला आले. सरजाबाईनं पेटीतली पांढरी साडी काढली, सैल नेसली आणि निघाली.

ती मांडवात आली तेव्हा लोकांत एक लाट उठली. “आली! सरजाबाई आली!” बायांनी सरकून वाट करून दिली. माईकपुढं नागुबाई उभी होती. तिनं सरजाबाईला बघितलं, माईकपासून बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, “ये.”

“तू गा,” सरजाबाई म्हणाली. “मी झील धरते.”

आणि ती मागं जाऊन उभी राहिली. मागच्या माणसाला काय दिसतं हे तिला आजवर माहीत नव्हतं. तिथून लोक दिसत नाहीत. पुढच्या बाईची पाठ दिसते, मानेवरची पावडर घामानं वाहून गेलेली दिसते, आणि श्वास घेताना खांदे किती वर जातात ते दिसतं. तेवढंच.

मास्तरांनी पेटीवर हात टाकला. गाणं सुरू झालं. नागुबाईनं ओळ सोडली की मागच्यांनी उचलायची, परत तिनं घ्यायची, परत मागच्यांनी उचलायची. सरजाबाई हळू, नेमकं उचलत होती. मग ती जागा आली. सूर चढायला लागला, आणि नागुबाईनं एकाएकी तोंड मिटलं. माईकपासून एक पाऊल मागं आली. ओळ तिनं तशीच मोकळी सोडली होती. ताटात वाढून पुढं सरकवावी तशी.

ढोलकी एकटीच फिरली. मास्तरांनी भाता ओढत मान वळवली. सगळा मांडव सरजाबाईकडं बघायला लागला. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “घे की गं माय!”

सरजाबाई समोर बघत उभी राहिली, ओठ मिटून. पुढच्या बाईची ओळ पुरी व्हायची वाट बघत झीलकरीण उभी राहते तशी. तो सूर आता तिच्या पोटाला झेपला असता की नाही, ते कुणालाच कळलं नाही. तिलाही नाही. ढोलकी आणखी एकदा फिरून आली.

मग नागुबाई पुढं सरकली. माईक धरला आणि तिनं तिची ओळ घेतली, एकटीनं, शेवटपर्यंत.

ती संपली तशी सरजाबाईनं झील धरली.